नाडीचा ताल चुकतोय?

मॅरेथॉनचा मोसम जवळ आला की ओपीडीत साठीतले धावपटू दिसू लागतात. सडपातळ बांधा, रक्तदाब आणि साखर आटोक्यात. तक्रार एवढीच : ‘डॉक्टर, हल्ली चढावर लवकर दम लागतो. घड्याळ मध्येच 180 ठोके दाखवतं. बिघडलंय बहुतेक.’ काही वेळा घड्याळ बरोबर असतं.

वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचा व्यायाम केला की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते. म्हणून अशा व्यक्तीचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला 50च्या खाली असू शकतात. हा आजार नव्हे. मात्र हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती पातळ असतात. तासन्‌तासच्या ताणाने हे कप्पे मोठे होतात. त्यात वयाची भर पडली की तिथले विद्युत संदेश विस्कळीत होऊन ठोके अनियमित पडू शकतात. यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो.

स्वीडनमध्ये वासालोपेट ही 90 किलोमीटरची बर्फावरची स्की शर्यत होते. 1989 ते 1998 या काळातील तिच्या सुमारे 52 हजार स्पर्धकांचा अभ्यास झाला. पाच किंवा अधिक शर्यती पूर्ण केलेल्यांत हा विकार एकदाच शर्यत पूर्ण केलेल्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी जास्त आढळला. पुढच्या अभ्यासात मात्र स्पर्धक स्त्रियांमध्ये तो इतर स्त्रियांपेक्षा कमी दिसला. पक्षाघाताचे प्रमाणही स्पर्धकांमध्ये सामान्य लोकांपेक्षा कमीच होते.

म्हणजे व्यायाम सोडायचा का? मुळीच नाही. लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि दारू हीसुद्धा या विकाराची मोठी कारणे आहेत. फक्त ‘मी धावतो, मला काय होणार’ हा भ्रम सोडावा.

पन्नाशीनंतर आठवड्यातून एकदा, सकाळी अंथरुणातच, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ताल चुकत असेल तर ईसीजी काढा. त्रास येऊन-जाऊन होत असेल तर 24 तासांचा होल्टर लागतो. सोबत इको आणि थायरॉइडची तपासणी. रक्त पातळ करणारे औषध लागेल की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह यांवर ठरते. तुम्ही किती किलोमीटर धावता यावर नाही. धावताना छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तिथेच थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा. पदक पुढच्या वर्षीही मिळेल.