कार्यप्रणालीच्या गाभ्यातील उपकरणांच्या ऊर्जा-अवस्था

संगणकाला जोडलेले उपकरण एक तर चालू असते किंवा बंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ या मानकाने मात्र डी-० ते डी-३ अशा चार अवस्था कल्पिल्या. डी-० ही पूर्ण कार्यरत अवस्था होय. पुढे वीजवापर घटतो आणि जागे होण्याचा वेळ वाढतो. मधल्या दोन अवस्था ऐच्छिक असून अनेक उपकरणे त्या देतच नाहीत.

खरा प्रश्न अवस्थांच्या संख्येचा नसून संक्रमणाचा आहे. वीजपुरवठा शाबूत असलेल्या डी-३ मधून पीसीआय उपकरण डी-० मध्ये आणल्यावर सामान्यतः १० मिलिसेकंद थांबावे लागते. या अवधीत दिलेली आज्ञा वाया जाते, प्रसंगी संपूर्ण यंत्रणाच गोठते. म्हणूनच लिनक्सच्या २.६.३२ या आवृत्तीत (२००९) आलेल्या रनटाइम ऊर्जा-व्यवस्थापनात ‘कार्यरत’ व ‘निद्रिस्त’ यांबरोबरच ‘निद्रिस्त होत असलेले’ आणि ‘जागे होत असलेले’ अशाही स्वतंत्र अवस्था मानल्या आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते या आराखड्यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

उपकरण वापरणाऱ्यांची संख्या गाभा मोजत राहतो. ती शून्य झाल्याशिवाय झोप नाही. यूएसबी हबला जोडलेला कळफलक जागा असेपर्यंत हबलाही निजता येत नाही, एकत्र कुटुंबातील कर्त्या माणसाप्रमाणेच! शून्य होताच तत्काळ निजविणेही हितावह नसते. झोपण्या-जागण्यात खर्ची पडणारी वीज बचतीहून अधिक ठरू शकते. त्यामुळे काही काळ वाट पाहण्याची मुभा चालक-आज्ञावलीला दिलेली आहे. तो काळ किती असावा, हे त्या त्या उपकरणाच्या वापरावरूनच ठरवावे लागते.