ग्वांतानामोचा बंदिवास

क्यूबातील ग्वांतानामो येथील अमेरिकी नौदलतळावर ११ जानेवारी २००२ रोजी पहिले २० बंदिवान आणले गेले आणि पुढे एकूण सुमारे ७८० जणांना कैदेत ठेवण्यात आले; त्यांपैकी बहुसंख्यांवर आरोपपत्रही कधी दाखल झाले नाही. युद्धबंद्यांचा दर्जा नाकारलेल्या या कैद्यांचा तुरुंग बंद करावा, अशी मागणी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जिनिव्हा करारांचे सामायिक तिसरे कलम या कैद्यांना लागू ठरवले, आणि २००८ मध्ये त्यांचा बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्कही मान्य केला. वर्षभरात तुरुंग बंद करण्याचा २००९ चा हुकूम मात्र अमलात आला नाही. निःशस्त्र बंदिवानाशी होणाऱ्या वर्तनावरूनच राष्ट्राच्या न्यायबुद्धीची खरी पारख होते.