पाटी आधी पुसू नका!

मुलांनो, कागदावरची मोकळी जागा म्हणजे नुसती मोकळी जागा. कॉम्प्युटरचं मात्र तसं नाही बरं का! त्याच्या लेखी स्पेस हे एक अक्षर आणि टॅब हे दुसरंच अक्षर. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

माझीच गंमत ऐका. वर्गातल्या 42 मुलांचे गुण मी एका फाईलमध्ये टाईप केले होते. आधी 01, 02 असा हजेरी क्रमांक, मग सहा वेळा स्पेस, मग गुण. पण गुणपत्रकाच्या प्रोग्रामला मध्ये टॅब हवा होता. आता 42 ओळी हाताने कोण दुरुस्त करणार?

लिनक्समध्ये यासाठी एक आज्ञा आहे, अनएक्स्पांड. टॅब म्हणजे एसटीचा थांबा समजा. दर आठ घरांनंतर एक थांबा. क्रमांकाची दोन घरं आणि स्पेसची सहा, झाली आठ! म्हणून त्या सहा स्पेस जाऊन तिथे एकच टॅब येतो. नुसती आज्ञा दिली तर ओळीच्या सुरुवातीच्याच स्पेस बदलतात. मधल्याही बदलायच्या तर पुढे 'उणे ए' लिहायचं. आज्ञा अशी (टाईप मात्र इंग्रजी अक्षरांत करायची):

अनएक्स्पांड -ए गुण > नवे

बाणासारख्या खुणेपुढे नव्या फाईलचं नाव. इथेच मी घाई केली. म्हटलं, नवी फाईल कशाला? दोन्हीकडे 'गुण' हेच नाव दिलं. फाईल उघडते तर काय, कोरी!

असं का झालं? बाणाची खूण दिसताच कॉम्प्युटर पुढची फाईल आधी रिकामी करतो, मग आज्ञा चालवतो. म्हणजे पाटी पुसून टाकायची आणि मग त्यावरचं गणित उतरवायला बसायचं! उत्तरपत्रिका कपाटात होत्या म्हणून निभावलं. रात्री अकरापर्यंत सगळे गुण पुन्हा टाईप करत बसले.

तेव्हा नाव नवंच द्यायचं. नवी फाईल तपासायची, मगच जुनीला हात लावायचा.

शाळेत किंवा घरी लिनक्स असेल तर बारा ओळींचा पाढा लिहून करून बघा. एक्स्पांड ही उलटी आज्ञा टॅबच्या पुन्हा स्पेस करते. पाढा पहिल्यासारखा झाला की समजा, जमलं!