गणेशखिंडीतले जुने वृक्ष

पुण्याच्या गणेशखिंडीतील फळ संशोधन केंद्राच्या परिसराला राज्य शासनाने २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात तशी तरतूद आहे. गडचिरोलीतील आलापल्लीच्या वनाला हा दर्जा २०१४ मध्येच मिळाला होता. पण आलापल्ली पडले जंगल. गणेशखिंडीला तो मिळाला भर शहरात, म्हणून त्याचे मोल अधिक.

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे निवासस्थान या भागात उभे राहिले आणि १८७३ मध्ये शेजारी वनस्पती उद्यान सुरू झाले. देशोदेशीची झाडे आणि आंब्याच्या नाना जाती इथे लावल्या गेल्या. पुढे फळांवर संशोधन होऊ लागले. बाजारात आज मिळणारा ‘सरदार’ पेरू, म्हणजे लखनौ ४९, डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये इथेच निवडला. गव्हर्नरांच्या आवारात १९४९ पासून पुणे विद्यापीठ आहे.

विद्यापीठाच्या आवारातली गोरखचिंच सवडीने पाहावी. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. पाणी साठवणारे फुगीर खोड, त्यावर करडी, गुळगुळीत साल. उन्हाळ्यात पाने नसताना हा आकार नीट दिसतो. लांब देठांवर लोंबणारी मोठी पांढरी फुले पावसाच्या तोंडावर येतात, संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होतात. परागीभवन मुख्यतः वटवाघळे करतात. खोडाचा घेर पाहून ‘हजार वर्षांचे झाड’ म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. गोरखचिंच तरुणपणी झपाट्याने फुगते, तिची वर्षवलये अस्पष्ट असतात आणि जुने खोड आतून पोकळ होते. खात्रीचे वय कार्बन-कालमापनानेच कळते.

पोकळी हा झाडाचा दोष समजून अनेकदा कुऱ्हाड चालवली जाते. खरे तर जुन्या झाडाची ती मोठी देणगी आहे. पुण्यात दिसणाऱ्या राखी धनेशाला स्वतःची ढोली कोरता येत नाही. मादी तयार ढोलीत शिरते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून वड-उंबराची फळे भरवतो. ढोलीही जुनी हवी आणि फळझाडेही जवळ हवीत. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरते; ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. तरतूद चांगलीच आहे, पण शंभर रोपांमध्ये धनेशाला एकही ढोली मिळत नाही.

संशोधन केंद्र हे सार्वजनिक उद्यान नव्हे, म्हणून आत जाण्याआधी परवानगी घ्यावी. धनेश पाहायचे तर मार्च ते जून हा विणीचा काळ. सकाळी लवकर जावे, सोबत दुर्बीण न्यावी आणि ढोलीपासून लांब उभे राहावे. माणसे जवळ घुटमळली की नर चारा घेऊन यायला बिचकतो, आणि आतली मादी व पिल्ले उपाशी राहतात.