व्हॅक्यूम क्लीनर घेताना : धूळ कोणाच्या छातीत जाते?

हिवरखेडात राहणाऱ्याला धूळ म्हणजे काय, हे कोणी सांगायला नको. फेब्रुवारी संपला की शेतातली काळी माती वाऱ्याबरोबर उडू लागते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. दारे-खिडक्या लावून कूलर सुरू करावा, तर तोही बाहेरचा फुफाटा घरात ओढतो. दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येतो. भाव वाढेल या आशेवर कित्येक शेतकऱ्यांच्या घरात एक खोली कापसाने भरलेली असते. त्याचे बारीक तंतू गादीवर, मच्छरदाणीवर, पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या अम्मींचा दमा वाढला. फजरच्या नमाजनंतर मोठी भाभी झाडू हातात घेई आणि अर्ध्या तासात अम्मींना खोकल्याची उबळ येई. अकोल्याच्या डॉक्टरांनी पंप लिहून दिला, तो कसा ओढायचा ते दाखवले आणि मग विचारले, “घरात झाडू कोण मारतं? आणि त्या वेळी या कुठे बसलेल्या असतात?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अम्मी त्याच खोलीत, तख्तावर तसबीह घेऊन बसलेल्या असत. आणि भाभीलाही रोज सकाळी शिंका येत. पण त्या शिंकांचा हिशेब घरात कोणीच ठेवला नव्हता.

त्याच आठवड्यात व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचे ठरले. शेजारच्या काकू हसल्या, “काहून वो भाभी, फडा मोडला काय?” फडा मोडला नव्हता. पण कोरड्या झाडूने जी बारीक धूळ उडते, ती बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि श्वासाबरोबर आत जाते. ती कशी थांबवायची, हा आमचा प्रश्न होता.

हे यंत्र एका झाडूवाल्याचे

पुढे चौकशी करताना एक गोष्ट समजली. घरात वापरता येईल असा विजेवरचा व्हॅक्यूम क्लीनर अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील कँटन गावच्या जेम्स मरे स्पँगलर यांनी बनवला. ते एका मोठ्या दुकानात साफसफाईचे काम करत आणि त्यांना दमा होता. गालिचे झाडताना उडणारी धूळच आपल्याला छळते, असा त्यांना संशय आला. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा, अशी जुळवाजुळव करून त्यांनी यंत्र उभे केले. १९०८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि पुढे ते हूवर घराण्याने विकत घेतले. आपल्याकडे १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीने दारोदार प्रात्यक्षिके दाखवून हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत नेले.

म्हणजे हे यंत्र जन्मले ते झाडणाऱ्याचा श्वास वाचवण्यासाठी. विकत घेतानाही हीच कसोटी लावावी, असे आम्हांला वाटते.

उन्हाच्या तिरिपेची परीक्षा

आमच्या घरात याआधी एक स्वस्त यंत्र येऊन गेले होते. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून ते घेतले होते. त्याने गादीतून मूठभर धूळ काढून दाखवली आणि आम्ही भुललो. पुढे एका सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि यंत्र चालू होते. पाहतो तर यंत्राच्या पाठीमागून बारीक धूळ धुरासारखी बाहेर पडत होती! समोरून जाडी धूळ आत आणि मागून बारीक धूळ बाहेर. जाडी धूळ नाकातच अडते; छातीत उतरते ती बारीक.

म्हणून बहिणींनो, पहिली गोष्ट फिल्टर. ‘हेपा’ नावाचा खरा फिल्टर ०.३ मायक्रॉन एवढ्या सूक्ष्म कणांपैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक कण अडवतो. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. खोक्यावर ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा टाइप’ असे लिहिले असेल, तर तो खरा हेपा समजू नका. फिल्टर चांगला असूनही यंत्राचे झाकण सैल असेल, तर फटीतून धूळ निघतेच. दुकानात यंत्र चालू करायला लावा आणि हवा बाहेर पडते तिथे मोबाइलची बॅटरी धरून पाहा.

दुसरी गोष्ट, धूळ बाहेर काढण्याची रीत. पिशवी नसलेल्या यंत्राचा डबा ओतताना पुन्हा धुराळा उडतो. पिशवीवाल्या यंत्रात पिशवीच बंद करून टाकता येते. पिशव्यांचा खर्च कायमचा मागे लागतो हे खरे. पण घरात दम्याचे माणूस असेल, तर पिशवीचे यंत्र बरे. त्या पिशव्या आपल्या भागात मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे.

वॅटला भुलू नका

अकोल्याच्या दुकानात आम्हांला पहिल्यांदा २००० वॅटचे यंत्र दाखवले. “जितके वॅट जास्त, तितकी ताकद जास्त,” असे सांगितले. हे अर्धेच खरे आहे. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते. धूळ किती ओढते ते नव्हे. नळीची बांधणी, झाकणाची घट्ट बैठक, ब्रशचा आकार यांवर ओढ ठरते. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून घरगुती यंत्रांवर ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे साफ होतातच. ओढीचा आकडा बहुधा किलोपास्कल किंवा एअर वॅटमध्ये दिलेला असतो. दोन यंत्रांची तुलना करताना तो पाहावा.

विजेचेही पाहावे लागते. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १३०० वॅटपर्यंतचेच यंत्र लावावे. त्याहून मोठ्याला १६ अँपिअरचा सॉकेट हवा आणि अर्थिंग नीट हवे. घरच्या लहान इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. १२०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर ०.४ युनिट वीज लागते, म्हणजे बिलाची फार धास्ती नको.

आपल्या घराला कोणते?

आधी आपली जमीन पाहा. शेणाने सारवलेल्या घरात हे यंत्र कामाचे नाही. ते सारवणच उकरेल. कोबा, शहाबादी किंवा टाइलच्या फरशीला ओला पोछा पुष्कळ आहे, आणि त्याने धूळही उडत नाही. यंत्राचा खरा उपयोग गादी, सतरंजी, सोफा, पडदे, खिडकीची जाळी, पुस्तकांचे कपाट आणि तख्ताखालची जागा यांसाठी.

लांब नळीचे, चाकांवर ओढायचे यंत्र आपल्या घरांना सोयीचे. पाणीही ओढणारे मोठे यंत्र कूलरचे सांडलेले पाणी टिपते, पण ते जड असते आणि जागा अडवते. बॅटरीवरचे उभे यंत्र हलके, मात्र काही वर्षांनी बॅटरी दमते आणि नवी महाग पडते. आपोआप फिरणारा रोबो आमच्या घरातल्या उंबरठ्यांपुढे हात टेकेल!

दुकानात यंत्र उचलून पाहा. रोज वापरणाऱ्या हाताला ते पेलते का? दोन मिनिटे चालवून आवाज ऐका. घरात तान्हे मूल असेल तर हे महत्त्वाचे. सुटे भाग आणि दुरुस्ती कुठे मिळेल? हिवरखेडहून प्रत्येक बिघाडासाठी अकोल्याला जायचे, तर दिवस मोडतो.

घरी आणल्यावर काही पथ्ये आहेत. लोबानची राख किंवा धगधगता निखारा यंत्राने कधी ओढू नका. पिशवी पेट घेऊ शकते. कोरड्या यंत्राने पाणी ओढू नका. फिल्टर धुण्याजोगा असेल, तर धुऊन पूर्ण दिवसभर वाळवूनच बसवा.

किंमत आणि हप्ते

दुकानदाराने ‘शून्य टक्के’ हप्त्यांचा कागद पुढे केला. आम्ही एकच विचारले, “रोख किती?” रोखीची किंमत हप्त्यांच्या बेरजेपेक्षा कमी निघाली, वर प्रोसेसिंग फी वेगळी होती. व्याजापासून दूर राहायचे, तर नुसत्या नावावर जाऊ नये, बेरीज करून पाहावी. आम्ही तीन महिने थांबलो, पैसे जमवले आणि रोखीने घेतले. गादी-सोफ्यांसाठी आठवड्यातून एकदाच लागणारे हे यंत्र दोन भावांच्या घरांत मिळून एक असले तरी भागते. घरोघरी एक वस्तू पडून राहणे हाही इस्राफच.

यंत्राआधीची कामे

थांबलेल्या त्या तीन महिन्यांत आम्ही बिनपैशाची कामे केली. कापूस अम्मींच्या शेजारच्या खोलीतून मागच्या पडवीत हलवला. पूर्वी पिंजारी भाई धुनकी घेऊन दारावर येत आणि अंगणात कापूस पिंजून गाद्या नव्या करून देत. आम्ही जुन्या गाद्या पिंजून घेतल्या, त्याही घरापासून लांब. गाद्यांना कडक ऊन दाखवले. चादरी आणि अभ्रे आठवड्याला चांगल्या कढत पाण्यात धुऊ लागलो. गादीतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे जीव राहतात, त्यांची विष्ठा दमा चाळवते. यंत्र वरची धूळ ओढते. चिकटून बसलेले जीव मात्र कढत पाण्यानेच मरतात.

आणि एक बदल सगळ्यांत मोठा. आता जुम्याच्या सकाळी धाकटा भाऊ नाकाला रुमाल बांधून यंत्र चालवतो. त्या वेळी अम्मी ओसरीवर बसतात आणि नंतर तासभर खिडक्या उघड्या ठेवून मगच आत येतात. फरशीला रोज ओला पोछा असतो. भाभीच्या सकाळच्या शिंका कमी झाल्या आहेत. अम्मींचा पंप सुटलेला नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचाही नाही. पण रात्री उठून बसण्याची वेळ आता क्वचित येते, अल्हम्दुलिल्लाह.

फडा अजून दाराआडच उभा आहे. अंगणासाठी तो लागतोच. तुम्ही यंत्र घ्यायला निघाल, तेव्हा दुकानात जाण्याआधी डॉक्टरांचा तो प्रश्न घरात एकदा विचारून पाहा : झाडू कोण मारतं, आणि त्या वेळी जवळ कोण बसलेलं असतं?