घरापुढचे अंगण

उर्दूत आपण ‘आँगन’ म्हणतो, मराठीत ‘अंगण’ म्हणतात. शब्द एकच; पण उर्दूत तो पुल्लिंगी आहे आणि मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून ‘मोठे अंगण’ म्हणावे, ‘मोठा अंगण’ नव्हे. पुष्कळ मुले येथे चुकतात.

भिवंडी शहरात यंत्रमागांच्या खडखडाटात, गल्लीला चिकटलेल्या घरांना अंगण कोठून असणार? तालुक्यातल्या आमच्या दिघाशीसारख्या खेड्यात मात्र घराची सुरुवातच अंगणापासून होते. आधी अंगण, मग ओटी, मग घर.

पावसाळ्यात अंगणाची माती वाहून जाते, गवत माजते. दिवाळीच्या सुमारास ते नव्याने करतात. तण काढून जमीन उकरतात, नवी माती पसरतात, पाणी शिंपडतात आणि चोपण्याने चोपतात. चोपणे म्हणजे माती ठोकण्याचे जाड, सपाट लाकूड. माती घट्ट बसली, की शेणाने सारवतात. शेणातील गवताचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात. त्यामुळे भेगा कमी पडतात आणि धूळ उडत नाही. पुढे उन्हाळ्यात बांबू रोवून झावळ्यांचा मांडव घालतात. त्याखाली सुंभाने विणलेली बाज, म्हणजे आपली चारपाई, टाकली की बैठक झाली. विणीतून खालूनही हवा लागते, म्हणून उन्हाळ्यात गादीपेक्षा बाज बरी. फक्त पावसात ती बाहेर ठेवू नये, सुंभ कुजते.

दरवर्षी एवढी मेहनत कोण करणार, म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या अब्बांनी सगळ्या अंगणात शहाबादी फरशी बसवून घेतली. अंगण चकचकीत दिसू लागले. पण मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय ठेववेना. फरशी दिवसभर ऊन साठवते आणि सूर्य मावळल्यावरही तापलेली राहते. जुलैत दुसरी अडचण आली. अंगणातले पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीशी जाऊन साचले. बोलाचाली झाली.

किती पाणी ते पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते एक लिटर पाणी होते. आपल्या भागात वर्षाला सुमारे 2500 मिलिमीटर पाऊस पडतो. वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अंगण म्हणजे सुमारे 37 चौरस मीटर. गुणाकार केला, तर 92,500 लिटर! मोकळ्या मातीत यातले थोडेफार तरी मुरते. फरशीवरून जवळजवळ सगळेच वाहून जाते.

शेवटी अर्धी फरशी काढली. दारापासून ओटीपर्यंत चालण्यापुरती ठेवली आणि तिला दहा फुटांना दोन इंच असा उतार दिला. उताराच्या टोकाला खड्डा खणून त्यात दगडगोटे भरले. आता पाणी तेथे मुरते. वुजूचे पाणीही साबणाचे नसते, ते केळीच्या बुंध्याशी सोडले आहे. पश्चिमेला कडुनिंब लावला, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडूनच येते. अजून तो लहान आहे. सावलीला काही वर्षे लागतील. ओटीजवळ मोगऱ्याच्या कुंड्या आहेत. हिवाळ्यात मोगरा छाटला, की उन्हाळ्यात भरपूर फुलतो. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी मात्र आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासावी लागते. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. हे काम माझ्या धाकट्या भावाकडे आहे आणि तो ते हमखास विसरतो.

रमजान उन्हाळ्यात आला, तेव्हा आम्ही मातीच्या भागावर चटया अंथरून इफ्तार करीत असू. अम्मी फरशीच्या बाजूला बसायला आजही तयार नसते. मात्र अंगण सारवायची वेळ आली, की तिला ती काढलेली फरशी हटकून आठवते.