बटणं विकणाऱ्या कंपन्या आयकॉन का विकायला लागतात?

इअरफोन लावून ऐकणारे, आणि लातूर-नांदेड एसटीत खडखडाटामुळं काहीच ऐकू येत नाही म्हणून वाचणारे, दोघांचंही स्वागत. नेहमीसारखंच हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेलं ‘ते आपलं हे’ तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच.

विषय आला लातूरहून. एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज होता: “दादा, आम्ही दोघं मित्र कॅलेंडर, तक्ता, फॉर्म असले तयार भाग बनवून दुसऱ्या डेव्हलपर लोकांना विकतो. आता गिऱ्हाईक म्हणायलेत, सोबत आयकॉन पण द्या. द्यावेत का? आणि वेगळा पॅक करून विकला तर चालंल का?”

प्रश्न लहान वाटतो, पण ह्याच वाटेनं जगातल्या मोठ्या कंपन्या गेल्यात. आणि ह्याच वाटेवर मी स्वतः एकदा आपटलोय. तेही सांगतो, पण आधी मुळापासून.

सॉफ्टवेअर कंपोनंट म्हणजे काय? घर बांधताना दाराची चौकट आपण स्वतः रंधा मारत बनवत नाही. दुकानातून तयार आणतो आणि बसवतो. ॲपचंही तसंच. तारीख निवडायची खिडकी, वर-खाली सरकणारा तक्ता, आलेख, मेनू, हे प्रत्येकानं पहिल्यापासून लिहायचं म्हणलं तर वर्ष जाईल. म्हणून काही कंपन्या फक्त हे तयार भाग बनवतात. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक १९९१ साली आलं आणि त्याच्याभोवती अशा सुट्या भागांचा मोठा बाजार उभा राहिला. ह्या कंपन्यांचं गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही नाही, तर ॲप बनवणारा डेव्हलपर.

आता चौकटीच्या दुकानात गेलात की मालक काय विचारतो? “बिजागरी घेतली का? कडी-कोयंडा?” गिऱ्हाईक दारात उभंच आहे, पाकीट काढलेलंच आहे, आणि कडीशिवाय दाराचा उपयोग नाही. कंपोनंटवाल्यांना आयकॉन सुचले ते असेच.

ह्याला जोर मिळाला ऑफिस २००७ मुळं. त्यात मायक्रोसॉफ्टनं जुने मेनू काढून वर ती रुंद पट्टी आणली, रिबन. मग सगळ्यांनाच आपल्या सॉफ्टवेअरमध्ये रिबन पाहिजे झाली. कंपोनंट कंपन्यांनी रिबन बनवून विकली. डेव्हलपरनं ती विकत घेऊन बसवली आणि बघतो तर काय, पट्टीवर पन्नास बटणं आणि पन्नासही रिकामी! बरं, एकाच मापाचं चित्र चालत नाही. मोठ्या बटणाला ३२ पिक्सेलचं, लहान बटणाला १६ चं. आणि ३२ चं चित्र दाबून १६ चं केलं की धूसर होतं, म्हणून लहान माप पुन्हा हातानं नीट करावं लागतं. कोड लिहिणाऱ्याला चित्र काढता येतंच असं नाही. मी तर शाळेत चित्रकलेच्या तासाला डोंगर, सूर्य आणि झोपडी ह्यापुढं गेलोच नव्हतो.

न्यू जर्सीतली इन्फ्राजिस्टिक्स ही अशीच जुनी कंपोनंट कंपनी. तिनं ‘नेटॲडव्हान्टेज’ ह्या आपल्या कंपोनंटच्या नावाखालीच आयकॉनचे पॅकही विकायला काढले. सिंकफ्यूजन ही दुसरी. तिचं मुख्य ऑफिस अमेरिकेत, पण बरंचसं काम चेन्नईत चालतं. तिनं उलटा डाव टाकला. ‘मेट्रो स्टुडिओ’ नावाचा आयकॉनचा संच मोफत वाटला. आयकॉनसाठी आलेला डेव्हलपर दुकान बघून जाईल, उद्या तक्ता लागला तर आपल्याकडंच येईल, हा हिशोब. म्हणजे एकच वस्तू, एकानं माल म्हणून विकली, दुसऱ्यानं पाटी म्हणून लावली.

तिसरा प्रकार म्हणजे फॉन्ट ऑसम. २०१२ साली डेव्ह गँडी ह्या डेव्हलपरनं बूटस्ट्रॅप ह्या मोफत कंपोनंट संचासोबत वापरायला आयकॉनचा फॉन्ट बनवला आणि फुकट दिला. तो इतका पसरला की पुढं पाचव्या आवृत्तीसाठी त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडं पैसे मागितले, तर १० लाख डॉलरपेक्षा जास्त जमले. आज साधे आयकॉन मोफत आणि ‘प्रो’ संच विकत असा त्यांचा धंदा आहे. आणि बूटस्ट्रॅपनं काय केलं? २०२० मध्ये स्वतःचे ‘बूटस्ट्रॅप आयकॉन्स’ काढले, तेही मोफत. कडी-कोयंडा शेवटी चौकटवाल्यानंच बनवला!

‘आयकॉनचा फॉन्ट’ म्हणजे काय, हे नांदेडच्या डीटीपीवाल्याला चटकन कळंल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आठवते? लग्नपत्रिका, जाहिराती, सगळं त्यातच. तिच्या जुन्या फॉन्टमधली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडं उघडली आणि तिथं फॉन्ट नसला, की ‘चि. सौ. कां.’ च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. कारण मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्चीवर बसवलेली होती. आयकॉन फॉन्टची युक्ती तीच. अक्षराच्या जागी चित्र. फॉन्ट लोड झाला तर गाडी दिसते, नाही झाला तर रिकामा चौकोन. म्हणून आजकाल एसव्हीजी जास्त चालतं. त्यात चित्र म्हणजे रेषांची गणितं असतात. मोबाइलवर लहान करा नाहीतर चौकातल्या बॅनरवर मोठं करा, फाटत नाही.

आपल्या देशातला ह्याचा झकास नमुना म्हणजे रुपयाचं चिन्ह. आयआयटी मुंबईत डिझाइन शिकलेल्या उदय कुमार यांचं चिन्ह १५ जुलै २०१० ला केंद्र सरकारनं स्वीकारलं. पण ते टाइप कसं करायचं? कुठल्याच फॉन्टमध्ये नव्हतं. मंगळुरूची फोरेडियन नावाची सॉफ्टवेअर कंपनी, जी शाळांसाठी प्रणाली बनवायची, तिनं काही दिवसांतच मोफत फॉन्ट काढला. टॅबच्या वरचं बटण दाबा, रुपया उमटतो. जुगाडच, पण कामाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये रुपयाला स्वतःची जागा मिळाली आणि त्या जुगाडाची गरज हळूहळू संपली. शाळेचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला देशभरात ओळख मिळाली ती एका चिन्हामुळं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता माझी ठेच.

काही वर्षांपूर्वी नांदेडमध्ये एका क्लासचं ॲप बनवलं. हजेरी, फी, वेळापत्रक. आयकॉन कुठून घेतले? ‘फ्री’ लिहिलेल्या एका ठिकाणावरून. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, फक्त वैयक्तिक वापरासाठी. ते मी वाचलंच नाही. सहा महिन्यांनी सकाळी सात वाजता क्लासच्या सरांचा फोन. “अहो, कुठल्यातरी चित्रकाराचा ईमेल आलाय. म्हणतोय माझी चित्रं तुमच्या ॲपमध्ये कशी? हे काय लफडं आहे?”

चित्रकार सभ्य होता. परवान्याचे पैसे द्या किंवा चित्रं काढा, एवढंच त्याचं म्हणणं. मी खिशातून पैसे भरले. पण सरांनी माझ्या शेवटच्या बिलातले ८,००० रुपये कापले, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला दिलं. मला राग आला नाही, लाज वाटली. कारण चूक माझी होती आणि ईमेल त्यांना आला होता.

तेव्हापासून परवान्याचे चार प्रकार मी पाठ केलेत. एमआयटी आणि अपाची: वापरा, बदला, विका, फक्त परवान्याची मूळ सूचना काढू नका. गुगलचे मटेरियल आयकॉन अपाची २.० खाली आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘बाय’: वापरा, पण नाव द्या. फॉन्ट ऑसमचे मोफत आयकॉन ह्यात येतात. तिसरा, फक्त वैयक्तिक वापर: धंद्याच्या कामात हातच लावू नका. आणि चौथा, विकतचा परवाना.

लातूरच्या दोस्तांनो, खरा खड्डा ह्या चौथ्यात आहे. विकत घेतलेले आयकॉन तुम्ही तयार ॲपमध्ये लावू शकता. पण तुम्ही ॲप विकत नाही, कंपोनंट विकता. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक ती चित्रं सुटी काढून आपल्या मालात घालणार. बहुतेक विकतच्या परवान्यात ह्याला स्पष्ट मनाई असते. कारण चित्रकाराच्या नजरेतून तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, त्याच्याच मालाचं दुसरं दुकान होता. “आम्ही पैसे भरलेत ना” हे उत्तर तिथं चालत नाही. हे कलम शोधून वाचा, नाही कळलं तर विकणाऱ्याला लेखी विचारा.

आणि मित्राकडून किंवा एखाद्या होतकरू मुलीकडून आयकॉन काढून घेणार असाल तर व्यवहार कागदावर करा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. विचार करा, तुमचा पॅक दुबईत विकला जातोय आणि तुमच्याकडं हक्क फक्त भारताचे! हे चित्र काढणाऱ्यांसाठीही सांगतोय. ‘नुसते दोन-चार आयकॉन काढून दे की’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठं वापरणार, किती वर्षं, पुढं विकणार का.

बरं, मग विकावेत का?

घर, गाडी, लिफाफा, भिंग असले हजार आयकॉन काढून विकायचे असतील तर माझं उत्तर, नको. मटेरियल, बूटस्ट्रॅप, हिरोआयकॉन्स, सगळे फुकट आहेत आणि चांगले आहेत. नीट आयकॉनला मला एक-दोन तास लागतात. २४ बाय २४ ची चौकट, सगळीकडं एकाच जाडीची रेष, कोपऱ्यांची गोलाई सारखी. शंभर काढायचे तर महिना गेला. फुकटाशी भांडून तो महिना वसूल होत नाही.

पण एक गोष्ट बघा. मध्यंतरी लातूरच्या एका वसाहतीसाठी पाण्याच्या पाळीचं छोटं ॲप करत होतो. ‘पाणी’ म्हणून मी तयार संचातला नळ आणि थेंब लावला. एका काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, “हे नळाचं झालं. टँकर कुठं दाबायचा?” मी गप्प. ज्या शहरात १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून १० वाघिणींची रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली होती, तिथं पाणी म्हणजे फक्त नळ असं धरून चाललो होतो. टँकर, बोअर, हंडा, घागर, टाकी भरल्याची खूण, ह्यातलं एकही चित्र माझ्या संचात नव्हतं. कारण तो संच काढणाऱ्याच्या घरी पाणी चोवीस तास येत असणार.

मार्केट यार्डाचंही तेच. आपल्याकडं सोयाबीन आणि तुरीवर घरं चालतात. आडत, हमाली, तोलाई, सौदा, पट्टी, ह्यांना जगातल्या कुठल्या पॅकमध्ये चित्र आहे? तिथं ‘मार्केट’ शोधलं की चाकाची खरेदीगाडी येते. अक्षरं कमी येणाऱ्या माणसाला ती बघून पट्टी कशी कळणार? चित्रानं काम भागतं हे आपल्या देशानं १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच दाखवलंय. निवडणूक आयोगाचे ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी पेन्सिलीनं रोजच्या वस्तू काढायचे, आणि त्यांनी काढलेली कितीतरी चिन्हं आजही चालतात. का चालली? कारण त्या वस्तू प्रत्येक घरात होत्या.

तर लातूरच्या मित्रांना माझं उत्तर असं. तुमच्या कंपोनंटला लागणारे साधे आयकॉन एमआयटी किंवा अपाचीवाल्या संचातून घ्या, सूचना जशीच्या तशी ठेवा, त्याचे वेगळे पैसे मागू नका. आणि वेगळा पॅक काढायचाच असेल तर साठच आयकॉन काढा, पण आपले. यार्डाचे, पाण्याचे, क्लासचे, लालपरीचे. काढून झाले की आधी हमालाला दाखवा, काकूंना दाखवा, नाव न सांगता विचारा, “हे काय आहे?” दहापैकी आठ जणांनी बरोबर सांगितलं तर ठेवा, नाहीतर पुन्हा काढा. त्यातले दहा मोफत द्या, रुपयाच्या फॉन्टनं त्या मंगळुरूच्या कंपनीचं जे केलं तेच ते तुमचं करतील. उरलेले पन्नास विका.

गिऱ्हाईक कमी मिळंल, पण त्याला दुसरीकडं जायला जागा नसंल.

आणि पॅक निघाला की मला पाठवा. त्या पाण्याच्या ॲपमध्ये टँकरच्या जागी मी अजून मालट्रकच लावून ठेवलाय. परवा काकूंनी विचारलं, “ह्यात ऊस चाललाय का?”

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि बारीक अक्षरं वाचत जा.